न व्यालेल्या म्हशीचा खरवस

आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. आमच्या गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची मी अध्यक्ष होते, तेव्हा मी एकदा चक्क खोटं मतदान घेतलं. तुपाचा रिकामा डबा, त्याच्या झाकणाला पाडलेली चीर आणि वहीचे कागद फाडून केलेल्या एकशे चार चिठ्ठ्या. प्रश्न असा, की समजा अध्यक्षपदासाठी मी आणि पदमाक्का समोरासमोर उभ्या राहिलो, तर तुम्ही कुणाला निवडाल? पदमाक्का उभी राहणार नव्हती. तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि मतदानात काही गडबड होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ डब्याच्या शेजारी, कमरेवर हात ठेवून, कोण उभी होती? मीच.

मी जिंकले, हे वेगळं सांगायला नको.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. हे सगळं परवा नातीमुळे वर आलं. तिनं टीव्ही लावला होता. लांबच्या कुठल्याशा देशात अध्यक्ष निवडायला अजून दोन-अडीच वर्षं आहेत, कुणी अर्ज भरलेला नाही, आणि चार शहाणे गळ्यात टाय अडकवून भांडत होते. समजा हा उभा राहिला आणि समोर ती उभी राहिली, तर कोण येणार? नात म्हणाली, "आजी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला झोप आली. दुपारचे चार वाजले होते. पण खरंच सांगते, निवडणूक हा शब्द ऐकला तरी अलीकडे माझे गुडघे दुखायला लागतात. इतक्या बघितल्या, इतक्या लढवल्या, गुलाल डोक्यातून काढता काढता केस गेले. या असल्या 'समजा'ला काय म्हणायचं ते मला एकाच बाईनं शिकवलं होतं.

"न व्यालेल्या म्हशीचा खरवस," पदमाक्का म्हणायची. "चव इचारत्यात लेकाचे."

गंमत म्हणजे ती स्वतः खरवस खायची नाही. जैनांच्या घरची. नव्या व्यालेल्या म्हशीचं दूध पंधरा दिवस त्यांच्या घरात शिरत नसे. चव माहीत नसलेल्या पदार्थाची उपमा इतक्या ठसक्यात देणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

पद्मावती चौगुले हे तिचं नाव फक्त पगाराच्या कागदावर. एरवी सगळ्या गावाची पदमाक्का. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिच्यासमोर मी अहो-जाहो करायची, मनात मात्र अगं-तुगं. उंच, हाडापेरानं थोराड, आणि चष्म्याला एका बाजूनं काडीऐवजी सुतळी. मुलगा चौथीत असताना नवरा गेला, तेव्हापासून दोन म्हशी आणि अर्धा एकर ऊस तिनं एकटीनं ओढला. आमची संस्था निघाली तेव्हा फॅटच्या यंत्रावर कोणाला बसवायचं यावर चर्चा झालीच नाही. दुधातली फॅट मोजणारा माणूस म्हणजे गावाचा न्यायाधीश. त्याच्या बोटाच्या हालचालीवर घराघरांत भांडणं होतात. ते यंत्र अक्काकडे गेलं आणि भांडणं बंद झाली.

दुधात पाणी सापडलं, तर ती कधी ओरडली नाही. किटली बाजूला सरकवायची आणि त्या बाईला जवळ बोलावून हळूच सांगायची, "तुझी म्हस काल लई पानी प्यालीया बघ. उद्या जरा कमी पाज." बाई मान खाली घालून जायची. दुसऱ्या दिवशी दूध दाट.

आणि मी कोण? सांगलीच्या मास्तरांची मुलगी, बी.ए., आणि या गावच्या मास्तरांची बायको. लग्नानंतर बारा वर्षं मी गावात 'मी आले, मी गेले' असं शुद्ध बोलत राहिले. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असं बोलतात, ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आता मीही तसंच बोलते, सून हसते. तर अशी मी, सही इंग्रजीत करायची म्हणून पहिली अध्यक्ष झाले. बिनविरोध. मला वाटलं, गुणांमुळे.

अक्काचं नाव खरं गाजलं ते फॅटमुळे नव्हे, भाकितामुळे. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, साखर कारखाना असो, कोण येणार हे ती आठवडाभर आधी सांगायची. कारखान्याच्या निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलचे पुढारी तिच्या दारात नारळ घेऊन यायचे. तिचा एक नियम होता. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि दिवस मावळला की तोंड बंद. अन्नाला बंद तसं भाकितालाही बंद. एकदा एक उमेदवार अंधार पडल्यावर जीप घेऊन आला. तिनं दारातूनच सांगितलं, "पावणं, आता न्हाय. सूर्य बुडला."

"अक्का, एक शब्द सांगा की! येतोय का पडतोय?"

"उद्या या. सकाळी आलात तर सांगतो. पर तुमच्या तोंडावरनंच दिसतंय, सकाळी तुम्ही येणार न्हाय."

तो आला नाही. निवडूनही आला नाही.

हे तिला कळतं कसं, याचा मला फार त्रास व्हायचा. मला वाटायचं, यंत्रावर बसते, सगळ्या बायकांचं ऐकते, एवढंच. पुढे आमची नोंदी लिहिणारी मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली आणि महिनाभर वहीवर मी बसले, अक्काच्या शेजारी. तेव्हा सापडलं. ती कुणालाच "मत कुणाला?" असं विचारत नव्हती. किटली ओतता ओतता सहज विचारायची, "काय गं, चार दिस लेकीकडं जायाचं झालं, तर म्हस कुणाच्या दावणीला बांधशील?"

बस, एवढंच. ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांना सांगते, म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते. धार काढायला भलता माणूस बसला की दूध वर ओढून धरते, नाहीतर लाथ घालते. म्हणून गावाला जाताना म्हैस कुणाकडे ठेवायची, याला माणूस नीट पाहून ठेवावं लागतं. चारापाणी वेळेवर करेल, दूध चोरणार नाही, जनावरावर हात उगारणार नाही. असा प्रश्न अचानक आला की बाईच्या तोंडून खरं नाव निघतं. अक्का ते नाव ऐकायची, आणि त्याहून जास्त, ते निघायला किती वेळ लागला ते बघायची.

मी घरी येऊन मास्तरांना सांगितलं. ते वर्तमानपत्रात अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक वाचत होते. त्यांनी तो पेपर दुसऱ्या दिवशी मुद्दाम संस्थेत नेला आणि दोन्ही उमेदवारांचे फोटो अक्कापुढे धरले. "अक्का, सांगा. कोण?"

तिनं सुतळीचा चष्मा वर केला. दोघांना नीट न्याहाळलं.

"मास्तर, ह्यांच्या शेजाऱ्याला कुणी इचारलंय काय?"

"अमेरिकेत कोण म्हशी पाळतंय, अक्का?"

"मग मत कशावर देत्यात?" तिनं विचारलं. चेष्टेनं नव्हे. तिला खरंच काळजी वाटली होती.

ती चुकायची नाही असं मात्र नव्हतं. एकदा सरपंचपदाला तिनं एका बाईचं नाव सांगितलं, आणि ती बाई सपाटून पडली. तिच्या गोठ्यात निम्म्या गावाच्या म्हशी राहून गेलेल्या, तरी पडली. तिच्या विरोधकानं स्मशानाचा रस्ता करून द्यायचं कबूल केलं होतं. गावानं अक्काला चिडवून चिडवून हैराण केलं. आठ दिवसांनी यंत्र पुसता पुसता मला म्हणाली, "शालन, म्हस येगळी आणि रस्ता येगळा. हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं." चूक झाली तर एवढ्या सरळपणे कबूल करणारं माणूस राजकारणात मी पुढे पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही.

आता माझ्या डब्याकडे येते. येणं भाग आहे.

माझी पाच वर्षं संपत आली होती. आमच्याकडे पद्धत अशी की अध्यक्ष कमिटीनं निवडायचा, पण नाव आधी सगळ्या सभासद बायकांच्या सभेत ठरायचं. त्या वर्षी गोठ्यागोठ्यातून कुजबुज यायला लागली, की या खेपेला पदमाक्काला करूया. आणि गावात पुरुषांची जुनी दूध संस्था होती. तिचे सेक्रेटरी पारावर उघड म्हणायचे, "दोन बायका खुर्चीवरनं भांडल्या की ह्यांचं दूध आपल्याच दारात येतंय. थांबा थोडं." आमची संस्था फुटायची ते वाट बघत होते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बी.ए. झालेल्या मला तेवढं कळत नव्हतं. मला फक्त कुजबुज ऐकू येत होती. मला हवं होतं एकच, की बायकांना मीच हवी आहे हे एकदा सिद्ध व्हावं, आणि तेही अक्काच्या डोळ्यांदेखत.

म्हणून तो डबा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठीवर चित्रं काढली. माझी कपबशी, अक्काची किटली. कपबशीवर मी फुलं काढली, बशीला नक्षी काढली. किटली काढताना हात का कोण जाणे घाईत होता. ती वांग्यासारखी दिसायला लागली. बायका विचारायच्या, "हे वांगं कुणाचं?" मी म्हणायची, "पदमाक्कांचं."

चार दिवस मी त्या कामात इतकी गुंतले, घरोघर फिरून चिठ्ठ्या वाटण्यात, समजावण्यात, की घरचं सगळं वाऱ्यावर. आमची म्हैस चंद्री, मास्तर जवळ आले की त्यांना लाथ दाखवायची. तेव्हा तिला मी अक्काच्या गोठ्यात नेऊन बांधली. "चार दिस सांभाळा, अक्का. मला जरा काम आहे." तिनं काय काम म्हणून विचारलं नाही. दावं हातात घेतलं, चंद्रीच्या पाठीवर थाप मारली, आणि चंद्रीनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

अक्कालाही चिठ्ठी दिली मी. हो, इतकी निर्लज्ज होते. तिनं ती घेतली, उलटी केली, आणि कोऱ्या बाजूवर समोरच्या बाईच्या दुधाची फॅट लिहून खिळ्याला टोचून ठेवली.

मोजले तेव्हा एक्क्याण्णव कपबशा आणि बारा वांगी. हौसा, आमची सगळ्यात फटकळ सभासद, शेजारीच उभी होती. म्हणाली, "अध्यक्षीणबाई, डब्याच्या उशाला तुम्हीच यमासारख्या उभारलेल्या. मग त्या बारा कोण म्हणायच्या? त्यास्नी तर पदकं द्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, त्या माझ्यासोबत हसताहेत.

सभा दोन दिवसांनी. मी डबा घेऊन गेले. खरंच घेऊन गेले, टेबलावर ठेवला. आणि भर सभेत म्हटलं, "कुणाच्या मनात काही असेल तर आत्ताच उभं राहावं. पदमाक्का, तुमचं नाव ऐकू येतंय. राहा उभ्या. होऊन जाऊ दे." माझा आवाज थरथरत होता. मला तेव्हा तो बाणेदार वाटला.

सगळ्या अक्काकडे बघत होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली. त्या उठण्याला किती वेळ लागला, ते मला अजून मोजता येतं.

"मी पगारी मानूस," ती म्हणाली. "उभारायचं तर यंत्र सोडाय लागतंय. यंत्र सोडलं तर तुमच्या म्हशी परत पानी प्याला लागतील." हशा झाला. मग ती म्हणाली, "मी अध्यक्षपदाला शालनबाईंचं नाव सुचवतो."

मी पुन्हा बिनविरोध. डबा मी घरी आणला आणि त्यात गूळ भरला. त्या संध्याकाळी, चार दिवसांचे सहा करून, चंद्रीला न्यायला अक्काकडे गेले तेव्हा अगदी मोठ्या मनानं म्हणाले, "अक्का, समजा तुम्ही उभ्या राहिला असता, तर?"

तिनं आकाशाकडे बोट दाखवलं. सूर्य बुडाला होता.

त्यानंतर मी हा प्रश्न तिला किती वेळा विचारला असेन! हळदी-कुंकवाला, बाजारात, एकदा तर मयताला गेलो असताना. कधी म्हणायची, दिवस मावळला. कधी म्हणायची, न व्यालेल्या म्हशीचा खरवस. पुढं दोन खेपा मी अध्यक्ष राहिले, मग हौसा झाली, मग इतर. पुरुषांची ती संस्था बंद पडली. सेक्रेटरींची सून आमच्याकडे दूध घालते. आता आमच्या संस्थेत मोठी टाकी आहे, संगणक आहे, फॅट आपोआप छापून येते. म्हैस किती पाणी प्याली हे मायेनं सांगायला कुणी नाही. मशीन सरळ भोंगा वाजवतं.

सात-आठ वर्षांपूर्वी हौसानं एक दिवस शेंगा फोडता फोडता मला सांगितलं. माझ्या डब्याच्या आधीच सतरा बायका अक्काच्या घरी गेल्या होत्या, तिला उभी राहा म्हणायला. अक्कानं सगळ्यांना ताक पाजलं आणि परत पाठवलं.

"का पण?" मी विचारलं.

"मी तेच इचारलं," हौसा म्हणाली. "तर म्हणाली, शालन पडली तर घरात बसायची न्हाय. धा-पंधरा जणींस्नी घेऊन बाहेर पडंल. तो सेक्रेटरी पारावर वाटच बघतोय. आनि मागनं तुमचा डबा निघाला तवा आमास्नी बजावलं, डब्यात कपबशीच टाका. पोरगीचं मन मोडू नका, म्हणाली."

पोरगी! सत्तेचाळीस वर्षांची घोडी होते मी. हौसा शेंगा फोडत राहिली. मी एक शेंग उचलली आणि टरफलासकटच चावली. एवढी दमले होते मी त्या ऐकण्यानंच. एक्क्याण्णव कपबशा. एकेका कपबशीवर फुलं.

अक्काला शेवटची भेटले ती गेल्या दिवाळीनंतर. कोल्हापुरात मुलाच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. गोठा नाही, अंगण नाही, फ्रिजमध्ये पिशवीचं दूध. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. गॅलरीत पश्चिमेकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. सून म्हणाली, रोज इथंच बसतात, आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, बुडाला काय? तिचं जेवण झालं होतं. मी पाया पडले तर तिनं माझा हात धरला आणि अंगठ्याच्या पेरावर बोट फिरवलं. धार काढून काढून तिथं घट्टा पडतो. माझा गेलेला.

"धार सोडलीस व्हय?"

"दोन वर्षं झाली, अक्का. शेवटची म्हैस विकली. गुडघे ऐकत नाहीत."

"चंद्रीची पणती आसंल."

"तिच्याही पुढची."

ती हसली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. तिथंही तेच चाललेलं, कुठला तरी अध्यक्ष, समजा हा आणि समजा ती. मला वाटलं, आता नाही विचारायचं. हौसानं सांगितलं, सगळं कळलं, संपलं. पण माणसाची खोड! मी म्हटलं, "अक्का, हौसानं मला सगळं सांगितलंय. आता तरी बोला. समजा त्या वेळी तुम्ही आणि मी समोरासमोर असतो, तर कोण आलं असतं?"

तिनं मान वर केली. "सूर्य हाय अजून?"

समोरच्या इमारतीच्या टाकीवर नखाएवढा शिल्लक होता. मी म्हटलं, "हाय."

"मग सांगतो," अक्का म्हणाली. "गावाचं मला ठावं न्हाय. म्हस येगळी, रस्ता येगळा. पर एक मत मला पक्कं हुतं बघ. तू चिठ्ठ्या घिऊन फिरत हुतीस त्या चार दिसांत, तुझी चंद्री कुणाच्या दावणीला हुती गं?"